संशय माणसांवर, विश्वास फाइलवर

संगणक दुरुस्तीच्या धंद्यातल्या पोरांची अँटिव्हायरसवर जुनी नाराजी आहे. लांब बसून ग्राहकाच्या संगणकात काम करायला जे सॉफ्टवेअर लागते, त्यालाच अँटिव्हायरस चोर ठरवतो. अमी ॲडमिन असो, व्हीएनसी असो, रॅडमिन असो, पडद्यावर लाल चौकट येते, फाइल उचलून कोंडून ठेवली जाते आणि काम थांबते. मग फोनवरून ठरलेले वाक्य येते, "दादा, आधी अँटिव्हायरस बंद करा, मग पुढचं सांगतो." भाईंदर, मीरा रोड, काशिमीरा, कुठल्याही सेवा केंद्रात अंगठ्याचे मशीन बिघडलेले असताना बसून बघा.

या पोरांचे म्हणणे असे की आमचे साधन कायदेशीर आहे, आम्ही चोर नाही, मग हा शिक्का कशासाठी? प्रश्न रास्त आहे. तरीही या भांडणात मी अँटिव्हायरसच्या बाजूने आहे. आणि वरवर किरकोळ वाटणाऱ्या या तांत्रिक भांडणात आंबेडकरी तरुणांनी लक्ष घालावे, असे माझे म्हणणे आहे. कारण भीमा कोरेगावच्या नावाने चाललेल्या खटल्यात माणसे सहा-सहा वर्षे तुरुंगात राहिली, एक म्हातारा माणूस कोठडीत असताना गेला, आणि त्या खटल्यातल्या पुराव्यावर जे सर्वात गंभीर प्रश्नचिन्ह आहे ते अशाच एका 'कायदेशीर' म्हणून विकल्या गेलेल्या साधनाचे आहे.

आधी साधन समजून घेऊ. दुसऱ्याच्या संगणकाचा पडदा आपल्याला दिसावा, त्याचा माऊस आणि कीबोर्ड आपल्या हातात यावा, फाइली इकडून तिकडे नेता याव्यात, यासाठीच्या सॉफ्टवेअरला रिमोट ॲडमिनिस्ट्रेशन टूल म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरे जोडली की 'रॅट'. चोरून शिरणाऱ्या सॉफ्टवेअरला रिमोट ॲक्सेस ट्रोजन म्हणतात. त्याचीही आद्याक्षरे जोडली की रॅटच! हा केवळ शब्दांचा योगायोग नाही. दोघे करतात ते काम एकच. फरक एवढाच की पहिल्यात मालकाला माहीत असते, पडद्यावर खूण दिसते, त्याला वाटेल तेव्हा बंद करता येते. दुसऱ्यात मालकाला पत्ताच नसतो. म्हणजे फरक सॉफ्टवेअरच्या पोटात नाही, मालकाच्या संमतीत आहे. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही हेच सांगतो. त्याचे 43 वे कलम सॉफ्टवेअरची जात विचारत नाही. मालकाची किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी होती का, एवढेच विचारते.

आता अडचण अशी की संमती अँटिव्हायरसला दिसत नाही. त्याला फाइल दिसते, फाइलची वागणूक दिसते, तिच्यावर कोणत्या कंपनीची डिजिटल सही आहे ते दिसते. खुर्चीवर बसलेल्या माणसाने मनापासून हो म्हटले, की कुणी त्याला फसवून हो म्हणायला लावले, हे त्याला कसे कळणार? म्हणून तो विचारतो. कॅस्परस्की कंपनीने तर अशा साधनांसाठी 'नॉट-अ-व्हायरस' असा वेगळा वर्गच ठेवला आहे. व्हायरस नाही, पण सांगून ठेवतो. लेबल ऐकायला विनोदी आहे, पण मला ते प्रामाणिक वाटते.

हा वाद काही आजचा नाही. 1998 मध्ये 'कल्ट ऑफ द डेड काऊ' नावाच्या अमेरिकन हॅकर गटाने बॅक ओरिफिस नावाचे सॉफ्टवेअर जाहीर केले आणि हे दूरस्थ व्यवस्थापनाचे साधन आहे असे सांगितले. अँटिव्हायरस कंपन्यांनी त्याला ट्रोजन ठरवले. त्याच वर्षी स्वीडनमधल्या एका प्रोग्रॅमरचे नेटबस आले. पुढे नेटबसची एक आवृत्ती रीतसर साधन म्हणून विकायलाही निघाली. पण 1999 मध्ये काय झाले बघा. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या कायद्याच्या एका अभ्यासकाच्या कार्यालयीन संगणकात लहान मुलांची सुमारे साडेतीन हजार अश्लील चित्रे सापडली. संगणक त्याचा, फाइली त्याच्या संगणकात, म्हणजे गुन्हेगार तोच, इतका सरळ हिशोब लोकांनी मांडला. संशोधनाचे पद गेले, नाव छापून आले, त्याला देश सोडावा लागला. 2004 च्या अखेरीस न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, कारण नेटबसमार्फत त्याचा संगणक दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात होता. पाच वर्षे गेली. आणि ही गोष्ट सधन, शांत, न्यायव्यवस्थेबद्दल जगात नाव असलेल्या देशातली.

आता आपल्याकडे या.

31 डिसेंबर 2017 ला पुण्याच्या शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी, भीमा कोरेगावच्या लढाईला 200 वर्षे पूर्ण होत असताना, अभिवादनाला निघालेल्या लोकांवर हल्ले झाले. 3 जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. इथपर्यंत आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. पुढे तपासाची दिशा कशी वळली, हेही आठवत असेल. 17 एप्रिल 2018 ला पुणे पोलिसांनी छापे घातले, 6 जूनला सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, रोना विल्सन, शोमा सेन आणि महेश राऊत यांना अटक झाली. मग ऑगस्टमध्ये आणखी. जानेवारी 2020 मध्ये खटला एनआयएकडे गेला. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना शरण जावे लागले तो दिवस 14 एप्रिल 2020 होता. एकूण 16 माणसे. आणि आरोपांचा मोठा भाग कशावर उभा होता? संगणकांत सापडलेल्या पत्रांवर.

फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक तपासणी करणाऱ्या कंपनीचा अहवाल बाहेर आला. विल्सन यांच्या वकिलांनी त्यांच्या लॅपटॉपची प्रत तपासायला दिली होती. अहवाल सांगतो की 13 जून 2016 रोजी वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून आलेल्या मेलमधली फाइल विल्सन यांनी उघडली आणि नेटवायर नावाचे सॉफ्टवेअर संगणकात शिरले. राव यांचे खाते दुसरेच कुणी वापरत होते, असे आर्सेनलचे म्हणणे. पुढचे 22 महिने तो लॅपटॉप परक्या माणसाच्या हातात होता. त्याने एक लपवलेला फोल्डर तयार केला आणि त्यात एकेक पत्र आणून ठेवले. ती पत्रे त्या लॅपटॉपवर कधी उघडली गेल्याचा मागमूस नाही. ज्या नव्या वर्डमध्ये ती तयार झाली, ते वर्ड त्या लॅपटॉपवर नव्हतेच, तिथे जुने होते! गडलिंग यांच्या संगणकाच्या अहवालात 20 महिन्यांचा ताबा आणि किमान 14 कागदपत्रे. डिसेंबर 2022 मध्ये फादर स्टॅन स्वामींच्या संगणकाचा अहवाल आला. त्यात 2014 पासूनची घुसखोरी, 40 हून अधिक कागदपत्रे, आणि 11 जून 2019 ला, म्हणजे पोलिसांनी संगणक जप्त करण्याच्या आदल्या दिवशी, घुसखोराने केलेली साफसफाई नोंदली आहे. उद्या जप्ती आहे हे त्याला कसे कळले? हा अहवाल आला तेव्हा फादरना जाऊन दीड वर्ष होत आले होते. 5 जुलै 2021 ला, वयाच्या 84 व्या वर्षी, जामिनाची वाट बघत ते गेले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एनआयएला हे मान्य नाही. सरकारी प्रयोगशाळेच्या तपासणीत लॅपटॉपमध्ये असे काही घातक सॉफ्टवेअर आढळले नाही, अशी भूमिका यंत्रणेने घेतली. खटला न्यायालयात आहे आणि आर्सेनलच्या अहवालांची उलटतपासणी अजून व्हायची आहे. पण सेंटिनेलवन या संगणक सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनीही फेब्रुवारी 2022 मध्ये याच टोळीचा स्वतंत्र माग काढला आणि तिला 'मॉडिफाइड एलिफंट' असे नाव दिले. भारतातले कार्यकर्ते, वकील, पत्रकार, अभ्यासक यांच्यामागे ही टोळी किमान दहा वर्षे होती, असे त्यांनी लिहिले. त्याआधी 2020 मध्ये ॲम्नेस्टी आणि सिटिझन लॅब यांनी भारतातल्या नऊ मानवी हक्क कार्यकर्त्यांना आलेले सापळ्याचे मेल तपासले होते. त्यांतही नेटवायर.

या नेटवायरची जन्मकथा आपल्या विषयाच्या मधोमध येऊन बसते. ते कुठल्या अंधाऱ्या बाजारातच मिळत होते असे नाही. वर्ल्ड वायर्ड लॅब्स नावाच्या उघड्या संकेतस्थळावर ते दूरस्थ व्यवस्थापनाचे साधन म्हणून विकले जात होते. 2012 पासून! मार्च 2023 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ते संकेतस्थळ जप्त केले आणि क्रोएशियात एका माणसाला अटक झाली. एवढी वर्षे दुकान चालू. ज्यांना 'कायदेशीर साधनाला धोका म्हणू नका' असे वाटते, त्यांनी हे जरा ध्यानात घ्यावे. पाटीवर काय लिहिले आहे यावर विश्वास ठेवायचा ठरवला असता, तर नेटवायरलाही सोडून द्यावे लागले असते.

पण मग दुरुस्तीवाल्या पोरांच्या तक्रारीत काहीच तथ्य नाही का? आहे, आणि ते वेगळ्या जागी आहे. संशय सर्वांवर सारखा नाही. मोठ्या कंपनीची सही असलेले टीमव्ह्यूअर किंवा ॲनीडेस्क सहसा विनातक्रार आत जाते. एखाद्या छोट्या कंपनीचे किंवा कुणा पोराने स्वतः लिहिलेले साधन दारातच अडवले जाते. आडनाव ओळखीचे असले की वाट मोकळी, नसले की झडती. आपल्याला ही रीत नवी नाही! आणि ओळखीचे आडनाव म्हणजे सुरक्षितता, असेही नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ॲनीडेस्कने स्वतःच जाहीर केले की त्यांच्या यंत्रणेत घुसखोरी झाली होती, आणि सहीचे प्रमाणपत्र त्यांना बदलावे लागले. त्याआधी फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केले होते की मोबाइलवर ॲनीडेस्क घ्यायला लावून खात्यातले पैसे काढले जात आहेत. तिथे सॉफ्टवेअर अस्सल होते, सहीही अस्सल होती. संमती तेवढी फसवून घेतलेली होती.

संमतीबद्दल मीरा रोडच्या माणसाला जास्त सांगायला नको. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले, सातशेहून जास्त जणांना चौकशीसाठी ताब्यात घेतले, 70 जणांना अटक केली. अमेरिकेच्या आयकर खात्यातून बोलतोय असे सांगून तिथल्या लोकांना लुबाडण्याचा तो धंदा होता. तो फोनवरचा धंदा, दूरस्थ सॉफ्टवेअरचा नव्हे. पण हेडफोन लावून खुर्चीवर बसलेली पोरे कोण होती? बारावी झालेली, पदवी अर्धवट सोडलेली, थोडे इंग्रजी येते म्हणून नोकरी मिळालेली. आपल्या वस्त्यांतली पोरे आजही अशाच जाहिराती वाचून मुलाखतीला जातात. गरजेपोटी दिलेल्या होकाराला संमती म्हणायचे का, हा समाजशास्त्राच्या वर्गात तासभर चालणारा वाद. कॉल सेंटरमध्ये तो पहिल्या पगाराच्या दिवशी मिटतो.

आता मुख्य मुद्दा. अँटिव्हायरसची पद्धत साधी आहे. ओळखीच्या गुन्हेगाराशी मिळतेजुळते काही दिसले की थांबव. सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही पद्धत मला मान्य आहे, कारण सॉफ्टवेअरला अब्रू नसते, पोटी लेकरे नसतात, चुकून कोंडले तर दोन क्लिकमध्ये सोडवता येते. पण हीच पद्धत माणसांवर लावली की काय होते, हे या देशाने 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पाहिले आहे. जमातीच्या जमाती जन्मापासून संशयित. 31 ऑगस्ट 1952 ला त्या जमाती विमुक्त झाल्या, पण तुरुंगांच्या नियमपुस्तिकांमध्ये ती नजर राहिलीच. ते नियम घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाचा 3 ऑक्टोबर 2024 चा निकाल यावा लागला, आणि तोही सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार महिलेने याचिका केली म्हणून. 'शहरी नक्षल' हा शिक्का त्याच जातकुळीचा आहे. कायद्यात त्याची व्याख्या नाही, पण जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झाले तेव्हा सगळी चर्चा याच शब्दाभोवती फिरली.

आणि उलट बाजूला बघा. जिथे संशय घ्यायला हवा, तिथे व्यवस्था भोळी होते. संगणकात फाइल सापडली? मग ती खरीच. ती आत कुणी आणली, केव्हा आणली, उघडली कुणी, हे प्रश्न खटला उभा राहीपर्यंत थांबवून ठेवायचे. यूएपीएचे 43ड (5) हे कलम सांगते की आरोप प्रथमदर्शनी खरे वाटत असतील तर जामीन नाही. एप्रिल 2019 च्या वटाली निकालाने त्यावर आणखी एक कडी घातली. जामिनाच्या टप्प्यावर न्यायालयाने पुराव्याची खोलात छाननी करायची नाही. म्हणजे फाइल पेरलेली आहे असा तज्ज्ञाचा अहवाल तुमच्या हातात असला, तरी तो तपासला जाण्याची वेळ खटल्यात येणार. आणि खटला? विल्सन आणि ढवळे यांना मुंबई उच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2025 ला जामीन दिला, तेव्हा साडेसहा वर्षे उलटून गेली होती, 300 हून अधिक साक्षीदार यादीत होते आणि आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. जामीन मिळाला तो एवढा काळ तुरुंगात गेला म्हणून. फाइलींचा प्रश्न जिथल्या तिथेच.

नव्या कायद्याने थोडी सुधारणा केली आहे, ती नाकारायची नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू द्यावी लागते, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 105 व्या कलमाने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक अक्षर बदलले तरी अंगठा बदलतो. पण हा अंगठा काय सिद्ध करतो? जप्तीनंतर फाइलला कुणी हात लावला नाही, एवढेच. जप्तीपूर्वी 22 महिने कुणाचा हात आत होता, हे हॅश सांगत नाही. चळवळीतल्या वकील मित्रांशी बोलताना मला सारखे जाणवते की हा फरक अजून आपल्या निवेदनांत, भाषणांत येतच नाही. आपण "खोटे पुरावे" एवढेच ओरडतो. मागणी नेमकी हवी. जामिनाच्या टप्प्यावरच संगणकाची प्रत बचाव पक्षाला मिळावी, आणि घुसखोरीचा प्राथमिक अहवाल आला तर त्याची स्वतंत्र तपासणी होईपर्यंत त्या फाइलींवर 'प्रथमदर्शनी' उभे राहू नये. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांच्या उपकरण जप्तीच्या याचिकेत केंद्राला मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितली होती. त्या चर्चेत पत्रकार होते, अभ्यासक होते. वस्तीतल्या कार्यकर्त्याचा मोबाइल त्यात कुठे होता?

आणि आपला मोबाइल, आपला लॅपटॉप? मी ज्या मंडळांबरोबर काम करते, तिथली स्थिती सांगते. एक लॅपटॉप, त्यावर जयंतीचा हिशोब, महाडीबीटीचे शिष्यवृत्तीचे अर्ज, पोरांची जातप्रमाणपत्रे, मोर्चाची निवेदने, आणि कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ. पासवर्ड भिंतीवर. विंडोज चोरीचे, आणि ते चालू करण्यासाठी कुणीतरी अँटिव्हायरस बंद केलेला, तो तसाच बंद. गेल्या पावसाळ्यात एका दुरुस्तीवाल्याने प्रिंटरसाठी दूरस्थ साधन टाकले आणि कायमचा पासवर्ड ठेवून दिला. हेतू वाईट नव्हता, पुन्हा बोलावले तर सोपे जावे म्हणून. दोन महिने ते दार उघडे होते आणि ते बंद करायला हवे हे कुणाच्या मनातही आले नाही. आमच्यावर पाळत ठेवायला मॉडिफाइड एलिफंट येणार आहे का, असे पोरे हसून विचारतात. येईल की नाही ठाऊक नाही. पण त्या टोळीने वापरलेल्या युक्त्या काही अवकाशातून आलेल्या नव्हत्या. पीडीएफचे नाव लावलेली चालू होणारी फाइल. पासवर्ड असलेली रार फाइल, कारण कुलूपबंद पेटीत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. कधी 300 एमबीपर्यंतची अवाढव्य फाइल, बहुधा तपासणी चुकवण्यासाठी. आणि सर्वात प्रभावी युक्ती म्हणजे ओळखीच्या कॉम्रेडच्या नावाने आलेला मेल.

म्हणून दूरस्थ साधन वापरूच नका असे मी म्हणणार नाही. आमचे अर्धे काम त्याशिवाय चालत नाही. काम असेल तेव्हा टाकावे, समोर बसून बघावे, संपले की काढून टाकावे. "अँटिव्हायरस बंद करा" असे कुणी म्हटले तर कारण विचारावे, आणि बंद केलाच तर पुन्हा चालू कुणी करायचा ते नाव ठरवावे. लाल चौकट आली तर चिडून 'अलाउ' दाबण्याआधी नाव वाचावे. कॉम्रेडची अनपेक्षित फाइल आली तर फोन करून विचारावे, यात अविश्वास नाही. मंडळाच्या लॅपटॉपवर काय काय बसवले आहे, कुणी बसवले, कोणत्या तारखेला, याची एक साधी वही ठेवावी. वर्गणीची वही आपण ठेवतोच. दुरुस्तीच्या धंद्यातल्या आपल्याच पोरांनी महिन्यातून एक रविवार विहारात येऊन ही वही तपासली, तर अँटिव्हायरसवरचा त्यांचा रागही कदाचित कमी होईल. काशिमीऱ्यातल्या दोघांनी येत्या महिन्यापासून तयारी दाखवली आहे. भाईंदर पश्चिमेसाठी अजून कुणी मिळालेले नाही.